रूपकुंडच्या वाटेवरचा खोकला
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "जेवणानंतरचं सत्र आहे, लोक पेंगतील, तू आपल्या हिमालयातल्या गमतीजमती सांग." गमती पुष्कळ आहेत. पण आज मी जे सांगणार आहे त्यात गंमत थोडी आहे. तेरा वर्षं मी ही गोष्ट अर्धीच सांगत आलो. आज पूर्ण सांगतो. त्या ट्रेकला माझ्याबरोबर आलेले दोघं जण या सभागृहात बसले आहेत. त्यांना विचारूनच उभा राहिलो आहे.

सुरुवात मात्र शाळेपासून करतो. तुम्हाला आपला पर्जन्यमापक आठवतो का? मैदानाच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या आत. आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी आमच्या चौघांवर पावसाची वही ठेवायचं काम सोपवलं होतं. कॉटन मिलचा भोंगा झाला की धावत जायचं, भांड्यातलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि मिलिमीटर लिहायचे. आपले शिपाईमामा तिथे उभे असायचे. ते पंचांग बघून सांगायचे, "आर्द्रा लागलं, वाहन म्हैस आहे, आज-उद्या धो धो." आम्ही हसायचो. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखायला लावला. एका रकान्यात नक्षत्र आणि वाहन, दुसऱ्यात मिलिमीटर. म्हणाले, "दोन्ही लिहा. वर्षअखेर बघू." वर्षअखेर बघितलं. बेडकाच्या नक्षत्रात आपलं माधवनगर कोरडं गेलं होतं आणि कोल्ह्याच्या नक्षत्रात मैदानात तळं साचलं होतं. एका म्हशीचं मात्र बरोबर आलं होतं. सर मामांना काही बोलले नाहीत. आम्हाला एवढंच म्हणाले, "दुसरा रकाना रिकामा ठेवला असता, तर आपल्याला फक्त म्हैस आठवली असती."

हे वाक्य मला फार उशिरा कळलं. ते सांगण्यासाठीच पुढची गोष्ट.

सप्टेंबर २०११. आम्ही पाच जण मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला गेलो, तिथून काठगोदाम, आणि मग दिवसभर जीपने उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातलं लोहाजंग. जायचं होतं रूपकुंडला. त्रिशूळ शिखराच्या कुशीत, सुमारे ५ हजार मीटर उंचीवर हे छोटंसं तळं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई ठेवाव्या लागतील. १९४२ साली एच. के. मधवाल नावाच्या वनाधिकाऱ्यांना तिथे माणसांचे सांगाडे दिसले. एकदोन नव्हे, शेकडो माणसांची हाडं तळ्यात आणि काठावर पसरलेली. ते महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे आधी वाटलं, जपानी सैनिक चोरवाटेने आले आणि मेले. पण हाडं तर फार जुनी होती.

तिथल्या लोकांना मात्र कोडं पडलेलंच नव्हतं. त्यांच्याकडे गोष्ट होती. कनौजचा राजा जसधवल गरोदर राणीला घेऊन नंदादेवीच्या यात्रेला निघाला. यात्रेचे नियम त्याने धुडकावले, बरोबर नर्तकी आणल्या, देवीच्या डोंगरात नाचगाणं केलं. देवी कोपली, लोखंडासारख्या गारा पडल्या आणि राजासकट सगळा लवाजमा तिथेच गारद झाला. नर्तकी जिथे नाचल्या आणि जमिनीत गडप झाल्या त्या जागेचं नाव आजही पातर नचौनी आहे. आपला मुक्कामाचा रस्ता तिथूनच जातो. नंदादेवीची राजजात ही मोठी यात्रा साधारण बारा वर्षांनी याच वाटेने जाते.

आमचे वाटाडे पन्नाशीचे होते. आम्ही त्यांना भाईजी म्हणायचो. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले. चामड्याची वस्तू वर न्यायची नाही. पातर नचौनीच्या पुढे गाणं नाही, शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. कुंडाचं दर्शन घेऊन दुपारच्या आत माघारी फिरायचं. नाहीतर देवी हवामान बिघडवते. आपल्या वर्गातल्या एकाने कमरेचा पट्टा काढून लोहाजंगला ठेवला आणि तीन दिवस सुतळीने पँट बांधून चालला. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसून हसतोय तो. आम्हीही हसलो, पण पट्टे सगळ्यांनीच काढले. वर गेल्यावर हवामानाशी वैर कोण घेणार?

या नियमांतला दुपारचा नियम अगदी खरा आहे, हे सरांनी शिकवलेल्या भूगोलावरून माझ्या लक्षात आलं. सकाळी ऊन उतारांवर पडतं, दरीतली हवा तापून वर चढते, वर जाऊन थंड होते, ढग बनतात आणि दुपारी गारा किंवा बर्फ. म्हणून डोंगरात पहाटे तीनला निघतात आणि अकराच्या आत परततात. चामड्याचा आणि ढगाचा संबंध मात्र मला अजून सापडलेला नाही. आणि माणसाच्या आवाजाने हिमकडे कोसळतात हा समज खरा नाही. त्यासाठी लागणारा दाब आपल्या घशातून निघत नाही.

बेदनी बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या त्या प्रचंड कुरणावर, आमच्या शेजारी दुसऱ्या एका कंपनीचा गट उतरला होता. त्यांच्यात चाळिशीतले एक गृहस्थ होते. बोलके, हसरे, खिशात माउथ ऑर्गन. रात्री शेकोटीपाशी त्यांनी जुनी गाणी वाजवली. आम्ही फर्माइशी केल्या. दुसऱ्या दिवशी पातर नचौनीला पोचलो तेव्हा त्यांच्या वाटाड्याने नर्तकींची गोष्ट सांगितली. गृहस्थ म्हणाले, "मग त्यांच्यासाठी एक होऊन जाऊ दे," आणि दोन मिनिटं वाजवलं. सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी दोनला गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. आम्ही काळू विनायकाच्या चढावर होतो. तिथे काळ्या दगडाचा गणपती आहे. आपण सांगलीकडची माणसं, गणपती दिसल्यावर घरी आल्यासारखं वाटलं. देवळाच्या आडोशाला दोन्ही गट कोंबडीच्या पिलांसारखे चिकटून उभे राहिलो आणि सगळ्यांच्या नजरा त्या गृहस्थांकडे. कोणीतरी म्हणालं, "वाजवा आता." ते ओशाळले. त्यांनी गणपतीला हात जोडले. नंतर ते कोणाशी फारसं बोलले नाहीत.

संध्याकाळी भगवाबासाला मुक्काम. उंची ४,२०० मीटरच्या आसपास. बेदनी सुमारे ३,४००. मध्ये पातर नचौनीला एक रात्र थांबायला हवं होतं, पण दोन्ही गटांनी तो दिवस वाचवला होता. आम्ही वाचवला कारण परतीचं आरक्षण होतं. त्या संध्याकाळी गृहस्थ जेवले नाहीत. तंबूच्या तोंडाशी बसून खोकत होते. कोरडा, न थांबणारा खोकला. बसल्या बसल्या धाप लागत होती. मी ते पाहिलं. माझ्या मनात आलेला विचार आज तुमच्यासमोर सांगतो. माझ्या मनात आलं, "बरं झालं, आता तरी गप्प बसले."

भाईजींनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या गटप्रमुखाला जाऊन सांगितलं, "साहब, इनको अभी नीचे ले जाओ." गटप्रमुख म्हणाला, अंधारात, बर्फावरून कसं नेणार? सकाळी बघू. अडचण खरीच होती. भगवाबासाहून खाली जायचं तर आधी काळू विनायकापर्यंत पुन्हा थोडं चढावं लागतं. भाईजी आमच्याकडे आले. म्हणाले, तुम्ही पाच आहात, तुम्ही बोललात तर ऐकतील, माणसं जास्त झाली तर उचलून नेता येईल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, त्यांचा गट आहे, त्यांचा प्रमुख आहे, आपण कसं मध्ये पडायचं? हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं असं की, कुंड फक्त चार तासांवर राहिलं होतं. दीड हजार मैल आलो होतो. खाली उतरलो असतो तर कुंड गेलं असतं.

पहाटे तीनला आम्ही निघालो. त्यांच्या तंबूशेजारूनच वाट होती. आत श्वासाचा आवाज येत होता. आधण उकळताना येतो तसा बुडबुड आवाज, प्रत्येक श्वासाला. आम्ही पाचही जणांनी तो ऐकला, हे आम्ही नंतर एकमेकांजवळ कबूल केलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही. डोक्यावरच्या बॅटऱ्या खाली करून पुढे गेलो.

सूर्य उगवताना कुंडावर पोचलो. हिरवट पाणी, कडेला बर्फ आणि दगडांत हाडं. एका सपाट दगडावर कोणीतरी कवट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. आम्ही बूट काढून हात जोडले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या अनोळखी माणसांसाठी आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. मग फोटो काढले. माझा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे.

परत येताना काळू विनायकाच्या देवळाजवळ माणसं दिसली. उजाडल्यावर त्यांना पाठीवर घेऊन निघाले होते, पण चढ संपता संपता ते गेले. स्लीपिंग बॅगेत गुंडाळून देवळाच्या ओट्याशी ठेवलं होतं. एक सतरा-अठरा वर्षांचा मदतनीस पोरगा त्यांच्यावर छत्री धरून बसला होता. आभाळ निरभ्र होतं. छत्री कशाला, असं कोणी त्याला विचारलं नाही. जाकिटाच्या वरच्या खिशातून माउथ ऑर्गनचं टोक दिसत होतं.

लोहाजंगला चहाच्या दुकानात एकच बोलणं चाललं होतं. पातर नचौनीला वाजवलं, गारा आल्या, रात्रीत माणूस गेला. आम्हीही माना डोलवल्या. कोणीतरी म्हणालं, "त्याची वेळ आली होती." आमच्यातला एक म्हणाला, "आपला काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." सगळ्यांना हलकं वाटलं. मी भाईजींना बाजूला घेऊन विचारलं, खरंच देवीचा कोप का? ते पट्ट्याचे, शिट्टीचे नियम सांगणारे भाईजी चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "बाजा बजाने से आदमी नहीं मरता, साहब. ऊपर रुकने से मरता है."

मित्रहो, हे मला २०११ सालीच सांगितलं गेलं होतं. तरीही माधवनगरला आल्यावर मी काय सांगितलं? नर्तकींची गोष्ट, माउथ ऑर्गन, गारा, आणि "त्याच रात्री माणूस गेला." दिवाळीच्या फराळाला, लग्नाच्या पंगतीत, आपल्या मागच्या मेळाव्यातसुद्धा. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. खोकला मी गाळायचो. तंबूतला आवाज गाळायचो. भाईजींचं वाक्य गाळायचो. शिकलेला माणूस मी, देवीवर फारसा विश्वासही नाही, पण तिच्या कोपाची मला गरज होती. ती कोपली म्हटलं की मी सुटत होतो. आणि जो गेला त्याच्याच माथी त्याचं मरण बसत होतं.

मग ऑगस्ट २०१९ आला. त्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं? आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगलीतले नातेवाईक आठवडाभर आमच्या घरी होते, चौदा माणसं दोन खोल्यांत. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. घरातलं कोणीतरी हळहळून म्हणालं, "वेळ आली होती बिचाऱ्यांची." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी चमकलो. तो माझाच आवाज होता. बोटीत किती माणसं बसली होती, दुसरी बोट का नव्हती, इशारा कधी मिळाला, हे सगळे प्रश्न त्या एका वाक्याखाली गडप होत होते.

आणि त्याच महिन्यात, घरातला चिखल काढायला सांगलीला जात असताना, पेपरात रूपकुंडची बातमी आली. या हाडांच्या अभ्यासात आपल्या मराठी माणसांचा मोठा वाटा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले डॉ. सुभाष वाळिंबे आणि डॉ. प्रमोद जोगळेकर यांनी आधीच्या मोहिमेतल्या हाडांचा अभ्यास केला होता. काही कवट्यांवर वरून आदळलेल्या गोल, जड वस्तूच्या खुणा होत्या, शस्त्राच्या नव्हेत. तेव्हा असा निष्कर्ष निघाला की, नवव्या शतकाच्या सुमारास मोठ्या गारांच्या वादळात यात्रेकरूंचा एक जथा मेला असावा. म्हणजे लोककथेतल्या गारा खऱ्या निघाल्या, असंच सगळे म्हणाले.

२०१९ च्या अभ्यासात ३८ सांगाड्यांचा डीएनए तपासला. त्या संशोधकांत डेक्कन कॉलेजच्याच डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी होत्या. २३ माणसं आजच्या भारतीयांशी जुळणारी निघाली. ती साधारण सातव्या ते दहाव्या शतकातली, आणि सगळी एकाच वेळी मेलेली नव्हती. १४ माणसं पूर्व भूमध्य समुद्राकडची, ग्रीस आणि क्रीटच्या लोकांना जवळची, आणि एक आग्नेय आशियाई. ही पंधरा माणसं मेली इसवी सन १८०० च्या सुमारास, म्हणजे आधीच्यांनंतर जवळपास हजार वर्षांनी. ग्रीसकडची माणसं त्या तळ्यावर काय करत होती, याचं उत्तर आजही कोणाकडे नाही. एक राजा, एक कोप, एक रात्र, या गोष्टीत ती माणसं कुठेच नव्हती. गोष्ट पुरी वाटत होती म्हणून कोणी त्यांना शोधलंच नव्हतं. मोजायला बसल्यावर ती सापडली.

त्या दिवशी मला सरांचा दुसरा रकाना आठवला. मी म्हैस लिहिली होती आणि मिलिमीटर रिकामे ठेवले होते.

मी आपल्या वर्गातल्या डॉक्टर मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं. खोकल्यासकट. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फुप्फुसात पाणी झालं होतं त्यांच्या. उंचीवर होतं तसं. रात्री वाढतं. लगेच खाली आणणं हाच उपाय, तोवर मिळाल्यास ऑक्सिजन. पाचशे-हजार मीटर उतरले असते तर वाचण्याची चांगली शक्यता होती." मग तिने विचारलं, "तुम्ही किती जण होतात?" मी म्हटलं, पाच.

हे आज का सांगतोय? आपल्या ग्रुपवर पुढच्या मे महिन्यात हिमालयात जायचं घाटतंय. आपण सगळे पंचावन्नच्या पुढे गेलोय. रूपकुंडच्या वाटेवर २०१८ साली उच्च न्यायालयाने कुरणांवरचे मुक्काम बंद केले, पण इतर वाटा खुल्या आहेत. २०२४ च्या जूनमध्ये सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या गटातले ९ जण बर्फाच्या वादळात गेले. म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. परतीच्या आरक्षणासाठी तो दिवस खाऊ नका. दुपारच्या आत माघारी फिरा. देवीसाठी फिरा नाहीतर ढगासाठी, पण फिरा. बसल्या जागी धाप लागलेला माणूस दिसला की त्याला त्याच वेळी खाली न्या, सकाळची वाट बघू नका. आणि तो आपल्या गटातला आहे की नाही, हे विचारू नका.

स्थानिक माणसाने सांगितलेले नियम पाळा. पट्टा काढा म्हणाले तर काढा, त्यात आपलं काही जात नाही. पण परत आल्यावर कोणी गेलं असेल, तर त्याने काय वाजवलं होतं हे सांगण्याआधी आपण काय ऐकलं होतं ते सांगा.

त्या गृहस्थांच्या घरच्यांचा पत्ता मी पुढे शोधून काढला आणि २०२० साली त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं. ते वाचून दाखवायचा हक्क मला नाही. एवढंच सांगतो की, त्यांनाही लोकांनी माउथ ऑर्गनचीच गोष्ट सांगितली होती, आणि खोकला कधी सुरू झाला हे नऊ वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. वही पूर्ण करून आणायला मला फार उशीर झाला. पण आणली आहे.